फाटक्या सुरासाठी तोडलेली अर्थिंग

भिसेगावचा मकसूद विजेला जेवढा भ्यायचा तेवढा बायकोलाही भीत नसे, आणि जुबेदाला न भिणारा माणूस अख्ख्या आळीत नव्हता! लाऊडस्पीकर दुरुस्त करायचे, लग्ना-जत्रांत भाड्याने लावायचे, हा त्याचा धंदा. पण पायात रबरी चपला असल्याशिवाय यंत्राला बोट लावील तर शपथ. लोक हसायचे. हसोत बापडे.

एकोणऐंशी साली कशेळ्याच्या बँजो पार्टीत गिटार वाजवणारा सहदेव त्याच्यामागे हात धुऊन लागला. त्याला एका जुन्या विलायती तबकडीवरच्या गिटारचा फाटका, गुरगुरता आवाज हवा होता. अगदी तस्साच, आणि तोही देवीच्या जत्रेत. मकसूदने आठ दिवस डोकं खपवलं. गिटार जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला जोडली, माइकचं बटण शेवटपर्यंत पिळलं, एकूण आवाजाचं बटण निम्म्यावर ठेवलं, ट्रेबल तीनवर आणला, आणि काय सांगावं, सूर फाटला! पण यंत्र भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं. अर्थिंगची, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी, तार सुटी केली की गुणगुण बंद व्हायची. म्हणून मकसूदने ती छाटूनच टाकली. घ्या! जन्मभर भ्यालेला माणूस नेमकं भ्यायच्या जागी भ्यायला विसरला. दुकानात पायाखाली लाकडी फळ्या, सहदेवच्या पायात चपला. कुणाला काही जाणवलं नाही.

पार्टीची पहिली सलामी देवीच्या पायरीशी द्यायची, तीही अनवाणी, ही तिथली रीत. जत्रेच्या दुपारी बायकांनी नुकताच सडा घातला होता, जमीन ओलीचिंब. मकसूद यंत्र चालू करून वळला, तर सहदेव चपला काढून त्या ओल्यातून चालत खुर्चीवरच्या गिटारीला हात घालत होता. मकसूदला छाटलेली तार आठवली. त्याने वायर धरून हिसडा मारला आणि प्लग उपटला.

पार्टीचा म्होरक्या भिवाजी भडकला. गाव जमलंय आणि ही काय थेरं, म्हणून त्याने मकसूदला चारचौघांत झाडला. सगळ्यांना लांब सारून मकसूदने प्लग पुन्हा लावला आणि गिटारच्या तारेला टेस्टर टेकवला. तो लाल पेटला; तारेत वीज उतरली होती. सहदेव आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिला.

"अर्थिंग मीच छाटली रं," मकसूद म्हणाला. "आज तू माझ्या हातून मेला असतास."

सहदेवने गिटारीकडे बोट केलं. "जोडा चाचा. गुणगुणलं तर गुणगुणू दे. भ्या वाटतंय, पन वाजवायचं हाय."

मकसूदने जमिनीत सळई ठोकली, तार जोडली, यंत्र चालू केलं. या वेळी टेस्टर पेटला नाही. तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना. स्वतःच्या हातावरचाच भरवसा उडाला होता. त्याने चपला काढल्या, सड्याच्या ओल्यात उभा राहिला आणि कलमा पुटपुटत, डोळे मिटून, झटका बसला तर मूठ आवळू नये म्हणून हाताची मागची बाजू गिटारच्या तारांना लावली.

काही झालं नाही. मग दुसऱ्यांदा लावून बघितली, आणि तेव्हा कुठे गिटार सहदेवच्या गळ्यात घातली.