बाबा ओहायोत हरवले, मी जेद्दात

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी जेद्दाच्या शराफिया भागातल्या भाजीच्या दुकानात भेंडी निवडत होते, आणि अमेरिकेहून बाबांचा फोन आला. "पोरी, मी रस्ता चुकलोय गं."

आधी मला हसूच आलं. बाबा आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, चिपळूण-गुहागर रस्त्यावरचा एकेक फाटा त्यांना तोंडपाठ. ते कसे चुकतील?

आई गेल्यावर माझा धाकटा भाऊ संदीप त्यांना काही महिन्यांसाठी ओहायोला घेऊन गेला. अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात... संदीप राहतो ती मात्र एक छोटी टाउनशिप, म्हणजे आपलं खेडंच. सपाट जमीन, मक्याची शेतं, त्यांना चौकोनात कापणारे सरळ रस्ते. तुझ्या हॉस्पिटलच्या एका शिफ्टला असतात तेवढी माणसंही इथे नसतील, असं तो म्हणायचा. मला वाटायचं, गंमत करतोय.

तिकडे सकाळ होती. संदीप कारखान्यात, आणि कामावर असताना फोन लॉकरमध्ये. त्याला दोनदा लावून झाल्यावर बाबांनी मला लावला होता.

"कोणाला तरी विचारा ना, बाबा."

"कोणाला विचारू? माणूसच नाही. मघापासून दोन गाड्या गेल्या फक्त."

मी म्हटलं, आहात तिथला फोटो पाठवा. फोटो आला आणि मी भेंडी तशीच टाकून दुकानाबाहेर आले. डोक्याच्याही वर गेलेला मका, मधून जाणारा रस्ता, आणि तो रस्ता जिथे संपतो तिथे आभाळ. घर नाही, टपरी नाही, फूटपाथसुद्धा नाही. चौकातल्या खांबावर दोन हिरव्या पाट्या, त्यांवर टाउनशिप रोड आणि नंबर... गावाचं नाव कुठेच नाही.

परत फोन लावला, तर बाबांचा आवाज बदललेला. शब्द जड, मधेच थांबत होते. मी नर्स आहे, असा आवाज मी वॉर्डात रोज ऐकते. पण तो आपल्या वडिलांचा असेल, असं कधी मनात येत नाही.

"बाबा, शुगरची गोळी घेतलीत?"

"घेतली. म्हटलं, आज जरा लांब चक्कर मारून येऊ, मग नाश्ता."

"घाम येतोय?"

"खूप. हातपण थरथरतायत. बसलोय खाली."

खिशात काही गोड आहे का विचारलं. नव्हतं. मग मी म्हटलं, निदान एक कणीस तोडून खा. तर म्हणाले, "मालकाला न विचारता कसं तोडायचं?" मी ओरडले तेव्हा तोडलं. "टणक आहे गं... जनावरांचा मका दिसतो."

मग मी त्यांना इमर्जन्सीचा नंबर लावायला सांगितला, तिकडे ॲम्ब्युलन्सला आणि पोलिसांना तो एकच. "पोलीस कशाला? मी काय केलंय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर रिंग जात राहिली, पण उचललाच नाही.

बाहेर जेद्दाचा उकाडा, आजूबाजूला सुट्टीची गर्दी, आणि मी एका दुकानाच्या पायरीवर बसून रडत मॅप उघडतेय... सोबत बाजारात आलेला माझा नवरा प्रकाश शेजारी फोटो मोठा करून पाट्यांवरचे नंबर वाचून दाखवत होता.

दोन्ही रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तो चौक सापडला. आजूबाजूला रिकामे हिरवे चौकोन. त्यात फक्त एक नाव दिसलं, अंडी आणि मध विकणारं एक फार्म. खाली फोन नंबर होता. तो लावला.

एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. मी सौदीहून बोलतेय, माझे वडील तुमच्याजवळच्या चौकात पडलेत, त्यांची शुगर उतरलीय... इंग्लिश धड सुचत नव्हतं. वाटलं, या फोन ठेवणार.

त्या म्हणाल्या, "कानटोपीवाले इंडियन गृहस्थ ना? रोज चालतात, प्रत्येक गाडीला हात करतात. तू फोन चालू ठेव, मी ट्रक काढते."

जिथे माणूसच नाही असं बाबा म्हणत होते, तिथे कोणीतरी त्यांना रोज बघत होतं...

मग इंजिनचा आवाज, दार आपटल्याचा आवाज. बराच वेळ नुसता वारा. मग बाईंचा आवाज, "शुद्धीवर आहेत. ज्यूस पितायत." त्यानंतर लांबून बाबा, मराठीतच, "आता बरं वाटतंय म्हणावं यांना." मी भर बाजारात प्रकाशच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. ॲम्ब्युलन्सही बाईंनीच बोलावली होती. संदीप पोचला तेव्हा बाबा बिस्किटं खात बसले होते.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला मी बाईंना फोन केला. त्या आभार घेईनातच, उलट माझी माफी मागायला लागल्या. "आम्ही सगळे त्यांना ओळखत होतो. ते हात करायचे, आम्हीही करायचो. पण गाडी थांबवून नाव कोणीच विचारलं नाही. सांगशील मला?"

मी सांगितलं, दत्ताराम. त्यांनी म्हणून बघितलं, चुकलं. मी हळूहळू तोडून सांगितलं, दत्-ता-राम. तिसऱ्या वेळी अगदी बरोबर म्हणाल्या.