वैशालीची डावी भुवई

माझ्या पार्लरमध्ये काम मागायला आलेल्या मुलीनं थ्रेडिंगआधी भुवयांवर पावडर लावली, आणि त्या वासानं मी थेट मोहाडीतल्या आमच्या ओसरीत जाऊन पोचले.

पार्लरचा कोर्स वैशालीनं आणि मी बरोबरच केला होता. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या एका पार्लरमध्ये मुलाखत होती आणि जागा एकच होती. हात बसावा म्हणून आम्ही एकमेकींच्या भुवया करत होतो. तिनं माझ्या इतक्या सुरेख कोरल्या, की आरशात बघताना मला तिच्या बोटांचा रागच आला. मग दातात दोरा धरून मी तिच्यावर वाकले आणि डाव्या भुवईचे चार केस मुद्दाम जास्त ओढले. मधोमध फट पडली.

"जाऊ दे, दोरा घसरला असन. तू काहून तोंड पाडून राहिली?" ती म्हणाली.

मुलाखतीत मॅडमनी त्या फटीवर बोट ठेवलं. "हे कोणी केलं?"

"मीनंच, मॅडम. घाई झाली," वैशाली म्हणाली.

"आणि हिच्या एवढ्या छान कोणी केल्या?"

"मीच," मी म्हणाले.

वैशाली गप्प राहिली. नोकरी मला मिळाली.

हेवा अजून तिचाच वाटतो. तेव्हा तिच्या हाताचा वाटायचा, आता त्या गप्प राहण्याचा वाटतो.