काटाघरातली यादी

रोज सकाळी पहिला ट्रक काट्यावर चढायच्या आत आर्डिस ब्रेकहस पाटी पुसायची. फडकं खिळ्याला टांगलेलं असायचं, पण ती पुसायची स्वेटरच्या बाहीनंच. मग खडूनं एकाखाली एक पाच ओळी लिहायची: दक्षिणेची, सरोवरांकडची, पश्चिमेची, मैदानी, पूर्व किनाऱ्याची. हंगाम असो नसो, यादी रोज नव्यानं लिहिली जायची. कधी दोन नावं वरखाली व्हायची, कधी महिना महिना काही हलायचं नाही.

या अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन एकमेकांवर धडकायच्या खेळाच्या, पाच मोठ्या कॉन्फरन्स. दहा-बारा कॉलेजांनी एकत्र यायचं, शरदात दर शनिवारी आपापसात हाडं मोडून घ्यायची आणि उरलेलं वर्ष सगळ्यांनी मिळून भांडायचं, की कुणाच्या कॉन्फरन्समध्ये खरा दम आहे. गाव पश्चिमेच्या बाजूचं, आणि तिथं हे भांडण आर्डिसच्या काटाघरात चालायचं. सहकारी धान्यकोठाराच्या दारातल्या त्या खोपटात ती अडतीस वर्षं गव्हाचे आणि मसुराचे ट्रक तोलत होती. तिच्या काट्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती, आणि यादीवरही नाही.

‘आर्डिस, आज आपण कितवे?’ शेतकरी मर्ल टिबेट्स ट्रकच्या खिडकीतून ओरडायचा.

‘तिसरे.’

‘परवा दुसरे होतो की!’

‘परवा आपण मैदानी पोरांकडून मार खाल्ला नव्हता.’

‘आणि ते दक्षिणवाले? नोव्हेंबरात दुबळ्या कॉलेजांना घरी बोलावून बडवतात, ते बरं चालतं तुला! आपण नऊ सामने आपापसात खेळतो, ते आठ.’

‘बडवू देत. जानेवारीत चषक कोण उचलतं?’

‘पूर्वेचे वार्ताहर आपला सामना सुरू व्हायच्या आत झोपतात, म्हणून आपलं नाव नाही.’

‘ते झोपतात म्हणून तुमचा चेंडू हातातून निसटतो का रे? ब्रेक सोड, गाडी पुढे घे.’

मर्ल हसत गाडी पुढे घ्यायचा. आर्डिसला आपल्या माणसांकडे झुकतं माप देता येत नसे, आणि गावाला तिचं तेच आवडायचं.

एक दिवस मात्र ती गावाला खटकायची. गावच्या टेकडीवरच्या कॉलेजचा संघ म्हणजे खेचरं. त्यांचा शंभर वर्षांचा वैरी म्हणजे डोंगरापलीकडच्या शहरातलं मोठं कॉलेज, बंदरवाले. दोघंही पश्चिमेच्या कॉन्फरन्समधले. वर्षअखेर बंदरवाले दुसऱ्या कॉन्फरन्सशी खास लढत खेळायला गेले, की आर्डिस त्यांची हिरवी टोपी घालून काटाघरात बसायची. शेतकरी पच्‌कन थुंकायचे. ती म्हणायची, ‘दक्षिणवाल्यांनी बंदरवाल्यांना लोळवलं, तर बंदरवाल्यांकडून हरलेले आपण किती हलके ठरू? आज ते आपले. उद्यापासून पुन्हा शिव्या.’

टोपी तिला तिच्या भावानं दिली होती. वेंडेल तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सातवीत होता. त्याला तिनंच वाढवलं, आणि वकील व्हायचंय म्हणाला तेव्हा गावाच्या टोमण्यांकडे पाठ करून स्वतः गाडी चालवत वैऱ्याच्या कॉलेजात सोडून आली. आता तो त्याच कॉलेजच्या कारभारी मंडळावर होता. वर्षअखेरची लढत बघायला दरवर्षी बहिणीकडे यायचा. दोघं एका सोफ्यावर, एकाच बाजूनं ओरडायची. वर्षातला तेवढाच दिवस.

त्या जुलैत वावड्या उठल्या. बंदरवाले पश्चिमेची कॉन्फरन्स सोडून सरोवरांकडच्यांत जाणार. टीव्हीवाले तिकडे जास्त पैसे देतात. ते गेले तर पाठोपाठ बाकीचेही जातील आणि खेचरांना कुणी दारात उभं करणार नाही, एवढं सगळ्यांना कळत होतं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी राज्याच्या राजधानीत यावर आमदारांपुढे सुनावणी होती. कापणी तोंडावर आलेली, तरी मर्लनं चाळीस ट्रक जमवले होते. राजधानीचे रस्ते अडवायचे, असं ठरलं.

‘आधी तुझ्या भावाला विचार,’ मर्ल म्हणाला. ‘उगाच पिकलेला गहू उभा टाकून जायला नको.’

तिनं तिथूनच, त्याच्यासमोर फोन लावला.

‘ताई, तू पण लोकांचं ऐकतेस?’ वेंडेल हसला. ‘मी कशावरही सही केलेली नाही. कुणीच केलेली नाही.’

‘सरळ सांग. जाताय का?’

‘अगं, शंभर वर्षांचं घर असं कोण सोडतं? कापणी करा तुमची.’

आर्डिसनं फोन ठेवला. ‘नाही जात,’ ती मर्लला म्हणाली. ‘माझा शब्द.’

मर्लनं यादीकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. ट्रक राजधानीला गेले नाहीत. शेतात गेले.

सोमवारी सुनावणी झाली. खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणे. शुक्रवारी सकाळी बंदरवाल्यांच्या मंडळानं मत घेतलं, आणि सगळे हात वर गेले. आर्डिसला ते रेडिओवर कळलं. काट्यावर मर्लचाच ट्रक होता, गव्हानं काठोकाठ भरलेला. खिडकी उघडी होती, त्यालाही ऐकू गेलं. ती खुर्चीतून उठली, पण बाहेर गेली नाही.

‘मर्ल...’

‘वजन सांग, आर्डिस.’

तिनं सांगितलं. तो गाडी घेऊन गेला.

गावानं तिला दोष दिला नाही. दिला असता तर तिनं भांडून घेतलं असतं. लोक पूर्वीसारखेच यायचे, धान्य उतरवायचे, पाठदुखीचं विचारायचे. फक्त आपण कितवे, हे कुणी विचारेना. तिसऱ्या आठवड्यात तिनं यादी लिहायचं सोडलं. हॉलिस, कोठाराचा जुना कामगार, एक दिवस पाटीवर गव्हातला ओलावा लिहायला लागला. तिनं लिहू दिला.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी वेंडेल आला. तोवर आणखी सात कॉलेजं निघून गेली होती. तिनं त्याला मसुराचं सूप वाढलं, पाव कापून दिला. अर्धं सूप संपल्यावर त्यानंच विषय काढला.

‘मी खोटं बोललो नाही, ताई. त्या दिवशी सही झालेली नव्हती.’

‘वकिलाला विचारलं नव्हतं मी. भावाला विचारलं होतं.’

‘मला बोलायची मुभा नव्हती.’

‘मग तसं म्हणायचंस. मला मुभा नाही म्हणाला असतास, तर मी समजले असते. ट्रक गेले असते.’

‘ट्रकांनी काही थांबलं नसतं.’

‘नसेल. पण माझ्या तोंडानं थांबले ना ते?’

त्यानं चमचा खाली ठेवला. ‘हे बघ, कॉन्फरन्स बुडतच होती. तूच आपल्याला चौथ्या नंबरवर आणलं होतंस. मागच्या मार्चपासून, दर रविवारी फोनवर सांगायचीस. मी मंडळात तेच सांगितलं.’

‘काय सांगितलंस?’

‘की माझी बहीण आहे. सगळ्या वार्ताहरांहून जास्त कळतं तिला, आणि तिचा जीव या कॉन्फरन्सवर आहे. तीसुद्धा चौथा नंबर देते. त्यानंतर दोघा-तिघांची मनं वळली. ताई, मी तुझा मान म्हणूनच...’

आर्डिसनं त्याचा वाडगा जवळ ओढला. एवढी वर्षं तिनं कुणासाठी एक किलो इकडचा तिकडे केला नव्हता. केला असता, प्रेमापोटी तिसरा लिहिला असता, तर?

‘मी तोलत होते, वेंडेल,’ ती म्हणाली. ‘विकायला काढलं नव्हतं.’

मग उठून तिनं त्याला आणखी सूप वाढलं. पाहुण्याला वाढतात तसं, हवं का विचारून. पूर्वी ती कधी विचारत नसे.

त्या आठवड्यातल्या खेचरं आणि बंदरवाल्यांच्या सामन्याला ती गेली नाही. वर्षअखेरच्या लढतीला तो आला नाही. त्यानं विचारलं होतं, तर ती म्हणाली की घरात रंगकाम काढलंय. रंगकाम खरंच काढलं, शिडीवर चढून स्वतः केलं. पुढच्या शरदात खेचरं कुठल्याशा लहान कॉन्फरन्समध्ये खेळू लागली. समोरच्या कॉलेजांची नावं गावाला नकाशात शोधावी लागली. मैदान अर्धं भरायचं. आर्डिस दर शनिवारी तिच्या जुन्या जागेवर बसायची, टाळ्या वाजवायची, घरी यायची.

वेंडेलचा फोन दर रविवारी यायचा. ती घ्यायची. बर्फ किती पडलं, पाठ कशी आहे, पाइपातलं पाणी गोठलं का, एवढं बोलायची. त्यानं खेळाचा विषय काढला की तिला काहीतरी काम आठवायचं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी ती झोपेतच गेली. काटाघराची किल्ली उशाशी होती, डॉक्टर म्हणाले हृदय.

दफनानंतर वेंडेल हॉलिसपाशी येऊन उभा राहिला. ‘तुमच्याशी शेवटचं कधी बोलली ती?’ त्यानं विचारलं. ‘माझ्याशी मंगळवारी बोलली. एरवी मी फोन रविवारीच करतो, पण त्या दिवशी राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, यंदा मीच यादी करून पाठवतो, चुकलं तर शिव्या दे. पण तिला घाई होती.’

हॉलिसनं टोपी हातात फिरवली. मंगळवारी तो काटाघरातच होता, शेगडीपाशी. फेब्रुवारीत कुणी धान्य आणत नाही. खिडकीबाहेर काट्यावर वीतभर बर्फ होतं आणि त्यावर चाकाची एकही खूण नव्हती. आर्डिसनं फोन कानाशी धरून ते सगळं बघितलं होतं.

‘हो, घाईतच होती,’ हॉलिस वेंडेलला म्हणाला.

बाकीचं त्यानं सांगितलं नाही. अडतीस वर्षांत त्या खोपटात त्यानं तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं होतं, आणि ती ते अगदी सहज, रोजच्या आवाजात बोलली होती:

‘ठेवते रे, काट्यावर ट्रक आलाय.’