बन्सीमामा टॅब घेतात

इनामगावचे बन्सी गायकवाड रांजणगावच्या एका कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "गायकवाडांच्या हातून खराब पार्ट कधी बाहेर गेला नाही." हे अगदी खरं होतं. चांगलेही पुष्कळ गेले नव्हते, पण ते बोलायचा तो प्रसंग नव्हता. बन्सीमामा क्वालिटीला होते. आलेला पार्ट उजेडाकडे धरायचा, कडेवरून नख फिरवायचं आणि जरा शंका आली की लाल ट्रेमध्ये टाकायचा, हे काम त्यांनी जन्मभर मन लावून केलं. शंका घेण्याचा पगार मिळतो, अशी माणसं जगात थोडी. मामा त्यातले एक.

घरी मात्र या गुणाचा कुणाला पगार मिळत नव्हता. लग्नाच्या वेळी ताईबाईंना बघून आल्यावर होकार कळवायला त्यांनी इतका वेळ लावला, की मुलीच्या बापानं दुसऱ्या स्थळाशी बोलणी सुरू केली होती. "मला पास केलं, पण डाउटमधी ठिवून," असं ताईबाई अजून सांगतात. हे सांगताना त्या हसतात, आणि मामा दुसरीकडे बघतात.

निवृत्तीनंतर वर्षभरात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते दौंडला करून घेतलं, कारण थोरली मुलगी करुणा तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. पट्टी निघाल्यावर ती म्हणाली, "आप्पा, आता मोबाईलच्या बारीक अक्षरात डोळे घालू नका. एक टॅब घ्या. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं, पडल्या पडल्या वाचता येतं."

मामांना ते पटलं. कंपनीच्या तीन पाळ्यांमध्ये वाचायचं राहून गेलं होतं. विहारातल्या कपाटातली पुस्तकं त्यांना खुणावत होती, पण छपाई अशी बारीक, की दोन पानांत डोक्याला मुंग्या याव्यात. तीच पुस्तकं आता टॅबवर मिळतात म्हणे.

"घिऊ," मामा म्हणाले. "पण बघून घिऊ."

हा 'बघून' ऐकला आणि ताईबाईंनी मुलीकडे बघितलं. टॅब एवढ्यात काही घरात येत नाही, हे दोघींनाही तिथल्या तिथं कळलं.

मामा बघू लागले. म्हणजे मोबाईलवर टॅबचे व्हिडिओ बघू लागले. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून कोणता टॅब घ्यावा, ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मोबाईलला डोळे लावून शोधू लागले. बजेट बेताचं ठरलं होतं, पण त्या बेतातही बाजारात माल उदंड. एकाचा पडदा झकास, तर बॅटरी लेचीपेची. एकाची बॅटरी दांडगी, तर त्यात सिम बसत नव्हतं. आणि एखादा सगळ्याच बाबतीत बरा निघाला, की व्हिडिओतला पोरगा शेवटी सांगायचा, याचं नवीन मॉडेल लवकरच येतंय.

"मग थांबाय पायजे," मामा म्हणायचे. "नवा आला की जुना उतरतो."

नवा यायचा. जुना खरंच उतरायचा. मग मामा म्हणायचे, "आता ह्यो जुना झाला. अपडेट किती दिस देणार त्येला?"

दरम्यान गावात बातमी पसरली की बन्सीमामांना टॅबमधलं कळतं. पहिल्यांदा आल्या शेवंताबाई. त्यांचा झेंडूचा मळा मामांच्या घरामागेच. त्यांची नात शितल बारावी सायन्सला, क्लासचे धडे ऑनलाइन. "बन्सीभाऊ, पोरीला कंचा घिऊ? का थांबू दिवाळीपत्तुर?"

मामांनी दोन प्रश्न विचारले आणि एक नाव सांगितलं. "आन् थांबायचं काय बी कारण न्हाई, वैनी. परीक्षा थांबणार हाय का?"

ते स्वतः शिरूरला सोबत गेले. मोबाईलचं दुकान विनोदशेठचं. मामांनी खोका उघडायला लावला, पडदा ट्यूबलाइटखाली तिरका धरला, कडेवरून नख फिरवलं आणि पास केला. शितलचा टॅब उत्तम चालला. मग न्हावऱ्याचे दोघे आले, मग करुणाच्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. विहारातल्या सम्राटला जयंतीच्या कार्यक्रमात गाण्यांचे शब्द समोर दिसावेत म्हणून टॅब घ्यायचा होता, तोही आला. "जयभीम मामा, तुम्ही म्हणाल तो." प्रत्येकाला मामांनी घटकाभरात नेमका टॅब काढून दिला. दुसऱ्याच्या बाबतीत त्यांना शंका म्हणून येत नव्हती.

विनोदशेठनं मामांसाठी काउंटरच्या आत एक खुर्ची टाकली. गिऱ्हाईक अडलं की तो म्हणायचा, "मामांना विचारा, त्यांना काय कमिशन नाही." मामा घसा साफ करायचे. शिरूरला जायच्या दिवशी ते आदल्या सांजेला शर्टाला इस्त्री करून ठेवायचे, पूर्वी ड्यूटीवर जाताना करायचे तशी. निवृत्तीनंतर सगळे वार सारखे झाले होते. आता पुन्हा एखादा वार कामाचा वाटायला लागला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांना स्वतःलाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा करुणाचा फोन आला. "आप्पा, किती जणांना टॅब घेऊन दिले?"

"झाले असतील धा-बारा."

"आणि तुम्ही वाचलंत काय, वर्षभरात?"

"वाचलं की," मामा म्हणाले. "स्पेसिफिकेशन."

दिवाळीचा सेल आला. मामा म्हणाले, सेलमधी आधी भाव फुगवत्यात, मग उतरवत्यात. सेल संपला. मामा म्हणाले, सेल गेल्यावर आता चढ्या भावानं कोण घेणार?

मग तो दिवस आला. ताईबाईंचे गुडघे दाखवायला दोघं शिरूरला गेले होते. डॉक्टरांनी रिपोर्ट, गोळ्या, जिना चढू नका, असं सगळं सांगितलं. परतताना मामा म्हणाले, जाता जाता विनोदशेठकडं डोकावू. डोकावलेले मामा खुर्चीवर बसले. ताईबाई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकल्या. काउंटरवर तीन टॅब मांडले गेले आणि मामांचं नख चालू झालं.

"ह्येचा पडदा ब्येस हाय. पर ह्यो जड. ह्यो हलका हाय, तर आवाज चिरका. शेठ, ह्या तिसऱ्याचा नवा कवा येतोय?"

"येईल मामा, दोन-तीन महिन्यांत."

"मग..."

"अवो," ताईबाई म्हणाल्या, "आपली गाडी लागली आसंल."

"पाच मिनिटं."

"ही चुकली की पुढं अंधार पडल्यावर हाय. मला फाट्यापासनं चालवत न्हेणार का तुमी?"

मामांनी पहिला पुन्हा उचलला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला. ताईबाईंनी एक हात गुडघ्यावर टेकला, उठल्या, आणि मधल्या टॅबवर बोट ठेवलं. "शेठ, ह्यो बांधा."

"अगं, तुला त्यातलं काय कळतंय? मधलाच का?"

"हाताशी हाय म्हणून. बांधा हो तुमी."

मामांनी तोंड उघडलं, पण विनोदशेठचं बिल तोवर निघालं होतं. एवढ्या दिवसांत मामांच्या नावाचं बिल पहिल्यांदा निघत होतं, आणि शेठला ती संधी घालवायची नव्हती. दोघांनी एसटी गाठली. बसायला जागासुद्धा मिळाली. ताईबाई लगेच पेंगल्या. मामा मांडीवर खोका घेऊन, हा आपल्या लाल ट्रेमधून निसटलेला माल आहे, अशा नजरेनं त्याच्याकडे बघत राहिले.

घरी खोका दोन दिवस सीलबंद राहिला. न उघडलेला माल परत घेतात, असं मामांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी ताईबाईंनी विळीवर त्याची पट्टी कापली. मामांनी टॅब चालू करून खालपासून वरपर्यंत तपासला आणि एका कोपऱ्यात त्यांना पिवळा ठिपका सापडला. त्यांचा चेहरा उजळला. "बघ! म्हणत व्हतो ना?" ताईबाईंनी पदरानं ठिपका पुसला. हळद होती.

टॅब चांगला निघाला. अक्षर खरंच मोठं होत होतं. मामा दुपारी आडवे पडून वाचू लागले. दोन पानं व्हायची, मग टॅब छातीवर आणि मामा झोपेत.

पण एक गोष्ट बिघडली. सम्राटचा चुलतभाऊ सल्ला मागायला आला, तर मामा म्हणाले, "ह्योच घे." पुढच्याला म्हणाले, "ह्योच घे." शाळेच्या बाई आल्या, तर त्यांनाही स्वतःचा टॅब दाखवला. लोकांना कळायला वेळ लागला नाही. स्वतःची वस्तू नसेपर्यंत मामांचं मत निर्मळ होतं, आता ते प्रत्येक टॅबवाल्याच्या मतासारखं झालं. हळूहळू विचारणारे थांबले. शर्टाची इस्त्री थांबली. विनोदशेठच्या दुकानात त्या खुर्चीवर चार्जरचे खोके रचले गेले, हे मामांनी एकदा बाहेरूनच बघितलं आणि ते आत न जाता परत आले. त्या दिवशी घरी आल्यावर ते तसेच जेवायला बसले. ताईबाईंनी भाकरी तेवढी एक जास्त वाढली.

आणि मग भाव वाढले. नवं मॉडेल आलं, ते महाग होऊनच आलं, आणि जुनं उतरायच्या ऐवजी चढलं. विनोदशेठ सांगत होता की टॅबमधली मेमरी चिप महागलीय, आता स्वस्तातलं विसरा. दिवाळीपासून थांबलेल्यांनी हात चोळले. एका रविवारी सम्राट आणि त्याचे दोन मित्र मामांच्या ओसरीवर आले.

"मामा, मानलं तुम्हाला. वर्ष-दीड वर्ष थांबला आन् बरोबर भाव वाढायच्या आधी उचलला. कसं काय कळलं?"

मामा उशीला टेकून बसले होते. त्यांनी टॅब बाजूला ठेवला. दारात ताईबाई वाटाणा सोलत होत्या, तिकडे त्यांनी एकदा बघितलं. मग घसा साफ केला.

"बाजाराचा एक अंदाज आसतो," ते म्हणाले. "सेल संपल्यावर दुकानदार गप असतो. तवाच टायमिंग साधायचं. आन् तीन समोर असले ना, तर मधला उचलायचा. लय विचार केला मी त्या दिवशी."

पोरांनी माना डोलावल्या. एकानं तर फ्रिजचं विचारलं. मामांनी त्याला पुढच्या आठवड्यात सोबत शिरूरला यायचं कबूल केलं. पोरं गेली. मामा जरा चाचरत म्हणाले, "अगं, म्हंजी पोरांना समजावून सांगायचं म्हणून..."

ताईबाईंनी टोपली पुढ्यातून सारली.

"मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी व्हते की तिथं. शिरूरला जायचा शर्ट काढून ठिवा बाहेर, धुवाय टाकते."