पुण्याच्या बाई, डब्लिनचा वर्ग

शाळेत नोकरी केली की किस्से शोधायला जावं लागत नाही. रिकाम्या डब्यासारखे ते रोज आपल्याबरोबर घरी येतात! मी पुण्यात अकरा वर्षं चौथीला शिकवलं. आता डब्लिनच्या ओंगार भागात राहते आणि जवळच्याच एका शाळेत वर्गात मदतनीस आहे. म्हणजे शिकवतं दुसरंच कुणीतरी, मी नुसती थक्क होते!

*

पहिलाच दिवस. हेडमास्तर वर्गात आले. मी ताडकन उभी राहिले. बाकी कुणी हललंसुद्धा नाही. उलट एक चिमुरडी ओरडली, "हाय ब्रेंडन!"

हेडमास्तरांना! नावाने! आणि ते खुशाल म्हणतात, "हाय एमा, ऑल ग्रँड?"

मी अजून उभीच. शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाने माझी ओढणी ओढली आणि हळूच विचारलं, "तुला टॉयलेटला जायचंय का?"

*

आमच्या वर्गाची टीचर ईफा, पंचविशीची पोरगी. एकदा एक मुलगा रुसून टेबलाखाली जाऊन झोपला. मला वाटलं, आता ही कान धरून बाहेर काढणार. तर ही बया स्वतःच टेबलाखाली शिरली आणि त्याच्या शेजारी आडवी झाली! चांगली पंधरा मिनिटं!

तेवढ्यात हेडमास्तर डोकावले. टेबलाखालून चार पाय बाहेर आलेले. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "दोघांपैकी रुसलंय कोण?"

*

माझी शेजारीण मुग्धा, मूळची नागपूरची, मुलाच्या पेरेंट-टीचर मीटिंगला गेली. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "वर्गात कितवा आहे?"

टीचर म्हणाली, "आम्ही नंबर काढत नाही. पण तो खूप काइंड आहे."

मुग्धाने पार्किंगमधूनच मला फोन लावला. आवाज रडवेला. "अगं, काइंड म्हणजे नापास का?"

*

माझे सासरे, आमचे अण्णा, कराडचे रिटायर्ड हेडमास्तर. इकडे आले होते तेव्हा नातवाच्या वर्गात आजी-आजोबांना बोलावलं होतं. अण्णा कोट घालून गेले. इंग्रजीत खणखणीत बोलले, "मुलं मला इतकी घाबरायची, की मी व्हरांड्यात पाऊल टाकलं की शाळा चिडीचूप!"

एका मुलीने हात वर केला. "मग तुम्हाला वाईट वाटायचं का?"

अण्णांनी कोट नीट केला. मग घरी आले. दारात बूट काढताना एवढंच म्हणाले, "असं कुणी कधी विचारलंच नव्हतं."

*

गेल्या महिन्यात लिमरिकला मराठी मंडळींचं जेवण होतं. मागून हाक आली, "बाई!" बघते तर रसिका! पुण्यातली माझी विद्यार्थिनी, आता लिमरिकलाच डॉक्टर. भर हॉलमध्ये वाकून नमस्कार केला तिने. इकडे कोण करतंय असं? माझे डोळेच भरून आले.

ताटं घेऊन शेजारी शेजारी बसलो. गप्पा रंगल्या. मी हसत म्हटलं, "द्वाड होतीस हं! माझं लाल पेन चोरलंस म्हणून दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं होतं तुला. आठवतं?"

"आठवतं ना," तीही हसली. "तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याच पेनाने माझी वही तपासलीत. तेच, तुटक्या टोपणाचं. पर्समधून काढलंत."

माझा घास हातातच राहिला. "अगं, मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

रसिकाचं हसू थांबलं. मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला, बाई?"