दोन मडक्यांतली सरकी

पेरणी जवळ आली की गावातल्या बाया गोदाबाईच्या ओसरीवर येत. अकोटाजवळचं ते गाव. कापूस कोणाचाही चांगला पिको, बी मात्र गोदाबाईच्या हातचं लागे. वेचणीच्या वेळी ती टपोरी बोंडं वेगळी काढी, घरच्या रेच्यावर आपल्या हातानं रुई आणि सरकी वेगळी करी, आणि निघालेली सरकी राख लावून मडक्यात भरून ठेवी. सासू गेली तेव्हापासून हे तिच्याकडे आलं होतं. त्यात काही हुशारी आहे असं तिला वाटत नसे. देवापुढे दिवा लावावा, तसं ती ते करी.

तेव्हा कापसाची मोठी धामधूम होती. अकोल्याकडे आगगाडीचे रूळ येत होते. विलायतेला लांब धाग्याचा कापूस पाहिजे, असं सांगत एक सरकारी कारकून आला आणि हिंगणघाटकडच्या सरकीची पोती केशवराव पाटलांच्या ओट्यावर उतरवून गेला. सरकी फुकट होती. तरी कोणी पोत्याला हात लावीना. गोदाबाई पेरते का ते पाहू, असं जो तो म्हणे.

तिचा नवरा चंद्रभान एक गाठोडं घेऊन घरी आला.

"पाटलानं दिली. नाही कसं म्हणू?"

"अन् आपल्या सरकीले काय झालं?"

"काही नाही झालं."

"मंग?"

"सत्तारमिया म्हणते, धागा लांब निघते."

अब्दुल सत्तार म्हणजे गावोगाव फिरून कापूस घेणारा अकोटचा व्यापारी.

"त्यायले मागच्या साली आपलाच धागा लांब दिसत होता," गोदाबाई म्हणाली. पण गाठोडं तिनं बाहेर टाकलं नाही. विहिरीजवळच्या तुकड्यात नवी सरकी पेरायची आणि बाकीच्या वावरात घरची, असं ठरलं. सरस कोणती ते दिसेल, आणि गावाला काय सांगायचं तेही कळेल, असा तिचा हिशेब.

पेरणीच्या दिवशी तिनं आधी नवी सरकी शेणकाल्यात चोळली, वाळवली आणि ओटीत घेतली. विहिरीजवळच्या तुकड्यात तिफण उभी राहिली तशा शेजारच्या बाया बांधावर आल्या. त्या गावची रीतच होती. कोणाच्या वावरात पहिली तिफण चालली की चार घरच्या बायांनी आपापल्या घरची, शेणात चोळलेली मूठभर सरकी पेरणारणीच्या ओटीत घालायची.

"घ्या काकू, आमच्या घरची," कौशल्या म्हणाली. मागून म्हातारी तानुबाई, मग आणखी दोघी.

गोदाबाईनं प्रत्येक मूठ कपाळाला लावून घेतली. दोनतीन ओळी पेरून झाल्यावर बी सोडणारा तिचा हात तिफणीमागच्या सरत्याच्या नळीवर थबकला. ओटीत पाहिलं. शेण लागलेली सरकी सगळी सारखीच.

"काहून थांबली?" चंद्रभाननं विचारलं.

"काही नाही. हाका तुमी."

पीक मात्र झकास आलं. विहिरीजवळचा तुकडा साऱ्या वावराहून भरला. पण एक झाड उंच, उशिरा फुटणारं, शेजारचं ठेंगणं, आधीच लदलेलं. वेचताना ती बोंडातला धागा ओढून पाही. लांब निघे. पुढच्याचा आखूड. नंतरच्याचा कळतच नसे.

सत्तारमियांनी दोन बोंडं हातावर घेतली. "बाई, ये अच्छा है." दुसरं पाहिलं. "ये भी अच्छा है."

"मंग यातलं नवं कोणतं?"

"ते मले काय पुसता? पेरलं कोणी?" आणि ते हसले.

चंद्रभान म्हणे, नव्या सरकीचा गुण. तानुबाई म्हणे, आमच्या मुठीचा. गोदाबाईला वाटे, विहिरीचा ओलावा तर नसेल? ती देवीपुढे जाऊन उभी राहिली. कौल लावावा असं मनात होतं, पण देवीला विचारायचं काय, तेच नीट जुळेना. नमस्कार करून परत आली.

पुढच्या पेरणीला बाया ओसरीवर बसल्या. दोन मडकी समोर होती. एकात घरची निवडलेली, दुसऱ्यात विहिरीजवळच्या तुकड्यातली.

"काकू, औंदा कोणती पेरायची?" कौशल्यानं पदर पसरला.

"मले नाही ठाऊक, माय."

"घ्या. सांगायचं नसन तं नका सांगू."

"खरंच नाही ठाऊक. त्यात सरमिसळ झाली. तुमच्याच मुठी हायेत त्यात."

"मंग तं चांगलंच झालं," तानुबाई म्हणाली.

गोदाबाईनं कौशल्याच्या पदराच्या एका टोकात घरची सरकी घातली, दुसऱ्यात विहिरीजवळची, आणि दोन्हीकडे गाठी मारल्या. "हे आपलं. हे काय हाय ते मले माहीत नाही. वेगवेगळं पेरजो. अन् औंदा ओटीत कोणाची मूठ घेऊ नको."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मूठ न घेता पेरायचं?

"दोनी तुमच्याच हातच्या ना, काकू?"

"माह्याच."

"मंग झालं," कौशल्या म्हणाली. तिनं गाठी सोडल्या, दोन्ही सरक्या पदराच्या मधोमध एक केल्या, कपाळाला लावल्या आणि घरी निघाली. तिच्या मागून तानुबाईनं पदर पुढे केला. कोणत्या मडक्यात हात घालावा, ते गोदाबाईला सुचेना.