पानं वाढली, चला

"आता तूच सांग शिवम्मा, एका सांगण्यावर कोन येतंय गं जेवाया? आदल्या सांजंला आवतण द्यायचं, आन पानं वाढली की परत बोलावणं धाडायचं. बोलावणंच न्हाई तर मानसानं उठावं कसं?"

"ते गावात, अक्का. हे फोनात हाय."

"मंग फोनात मानसं न्हाईत व्हय?"

शिवम्मानं भाकरी तव्यावर टाकली. ती हाताखाली भाकरी थापणारी, निलंग्याकडची, कमी बोलणारी. तारामतीनं पिठाचा हात पदराला पुसून फोन उघडला. आज सकाळपासून आणखी चौघं ग्रुप सोडून गेले होते.

लातुरात औसा रोडच्या मागच्या गल्लीत तारामतीची खानावळ. खानावळ म्हणजे एक खोली, दोन शेगड्या आणि कोचिंगच्या पोरींचे डबे. मे महिन्यात परीक्षा झाल्या, जुन्या पोरी बॅगा उचलून गावाला गेल्या आणि पंचावन्न डब्यांचे चोवीस राहिले. खोलीचे मालक संगप्पा. त्यांना तिथं अभ्यासिका टाकायची होती. खुर्च्या मांडल्या की पोरं येऊन बसतात, धूर नाही, खरकटं नाही. तारामतीनं गयावया केली तेव्हा ते म्हणाले, "पंधरा जूनपस्तोर चाळीस डबे दावा ताई, मी अभ्यासिकेचं नाव काढनार न्हाई. न्हाई झाले तर किल्ली द्या." चाळिसाच्या खाली तिलाही खोलीचं भाडं झेपत नव्हतं, म्हणून तिनं हो म्हटलं.

मग ती होस्टेलांच्या दारात उभी राहिली. नव्या पोरींना आणि त्यांना सोडायला आलेल्या आईबापांना दोन दिवस फुकट डबा चारला आणि नंबर लिहून घेतले. जळकोट, मुरुड, देगलूर, पार किनवटपर्यंतची माणसं. दोनशे बारा जणांचा ग्रुप झाला. आणि त्या ग्रुपावर तारामती तिला ठाऊक होतं तसं वागली. रोज रात्री आवतण: "उद्या ज्वारीची भाकर, येसरची आमटी, शेंगाची चटणी. डबा लावा." आणि सकाळी अकराला, संध्याकाळी सातला बोलावणं: "पानं वाढली. चला."

तिच्या गावात बोलावणं आल्याशिवाय कुणी पंगतीला उठत नसे. पोटात कावळे ओरडत असले तरी माणूस आपल्या दारात दोरी वळत बसायचा. बोलावणं विसरलेल्या घराशी दोन दोन पिढ्यांचा अबोला व्हायचा. तारामतीनं कुणाला विसरलं नाही. दोनशे बाराचे पंधरा दिवसांत शहाण्णव झाले. माणसं जात होती तशी ती जास्त आर्जवानं बोलवत होती. शेवटी शेवटी तिनं बोलावण्याला हात जोडल्याचं चित्र लावलं, तर त्या दिवशी एकदम नऊ जण गेले.

दुपारी फोन वाजला.

"डबेवाल्या तारामतीबाई का?"

"हाव, बोला दादा."

"मी भुजंग, जळकोटहून. तुमच्या ग्रुपातून सकाळी निघालो."

"निघालाव ते निघालाव, वरून बोल लावाया फोन केलाव का?"

"न्हाई बाई. तुमची आमटी ब्येस हाय, पोरगी सांगत व्हती. पर मला दिसातून तीन डाव मारू नका."

"म्या काय केलं?"

"म्या रानात असतो. खिशात फोन वाजला की मला काय वाटतं ठावं हाय का? पोरीचं काय तरी झालं. मागल्या साली आमच्या शेजारच्याला असाच फोन आलता. माझे हात चिखलाचे, चष्मा घरी. बांधावरल्या मानसाला धरतो, म्हनतो वाच रं बाबा. त्यो वाचतो, भाकर, आमटी, चटणी. त्यो हसतो. म्या मातूर तासभर बांधावरच बसून ऱ्हातो."

"ग्रुपाचा आवाज बंद करता येतो म्हनं."

"करता येतो. आन त्याच येळंला खरंच काय आलं तर?"

तारामतीनं फोन ठेवला. ती किल्लारीकडची. भूकंप झाला तेव्हा चौदा वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षं पत्र्याच्या शेडमधी काढली. रात्री पत्र्यावरून मांजर गेलं तरी सगळी वस्ती अंगणात येऊन उभी राहायची. म्हातारी, लेकरं, अंगावर असंल नसंल तसं. मांजर बिचारं वर बसून बघायचं. आज तीस वर्षं झाली, अजून मांडणीवरचा डबा खडखडला की तारामतीचा पाय आधी दाराकडं जातो. आणि पंधरा दिवस ती दोनशे घरांच्या पत्र्यावरून चालत होती.

तिनं तासभर खपून मजकूर लिहिला. "रोजचं बोलावणं आजपासून बंद. रविवारी सांजच्या पाचला एकच मेसेज येईल, आठवड्याचं जेवन सांगायला. मधी या नंबरावरून काही येनार न्हाई. ज्याला नको त्यानं खुशाल जावं, राग न्हाई."

अकरा जण खुशाल गेले.

"दार दावलं की जातेतच, अक्का," शिवम्मा म्हणाली.

पण दोन डबे आले. रविवारचा मेसेज गेला आणि आणखी पाच आले. त्यातला एक भुजंगच्या पोरीचा. बाप ग्रुपात नव्हता, तिला मैत्रिणींकडून कळलं. एकतीस. त्यावर थांबलं. सोमवारी एक नाही, मंगळवारी एक नाही. अकरा वाजले की तारामतीचा हात आपसूक फोनाकडं जायचा आणि ती तो पिठात खुपसायची. होस्टेलांच्या दारात परत जाऊन आली, तर वॉचमननं हुसकावलं.

बुधवारी, चौदा तारखेला, संगप्पा टेप घेऊन आले. भिंतीला टेप लावत म्हणाले, "किती झाले ताई?"

"एकतीस."

"अजून नऊ लागतेत. उद्या शेवटचा दिस. टाका की एक मेसेज. शेवटचे दोन दिस हायेत म्हना, घाई करा म्हना. सगळेच टाकतेत."

"टाक अक्का," शिवम्मानंही री ओढली. "एकच. एकानं काय होतंय?"

तारामतीनं फोन उघडला. 'घाई करा' एवढं लिहिलं. अंगठा पाठवायच्या बाणावर नेला. ग्रुपात पंच्याऐंशी नावं होती आणि त्या वेळेला त्यातली निम्मी कुठं तरी पेरणीच्या तयारीत असतील. मग एकेक अक्षर खोडलं.

"रविवारी म्हनलेय म्या. आज बुधवार हाय."

"रविवारी तुमी हितं नसनार, ताई," संगप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरं तेच सांगत होते. "पुन्यांदा विचार करा."

"केला, मालक. उद्या सांजच्याला किल्ली आनून देते."

शिवम्मानं तवा आदळला. "आन आपुन काय खायाचं?"

"मला काय ठावं."

संगप्पांनी टेप गुंडाळली. पुढची भिंत मोजायला ते आत सरकले, तसं तारामतीनं हात आडवा केला.

"तिकडनं मोजा. पिठावर पाय पडंल. अजून एकतीस डबे भरायचेत."

आणि तिनं परातीत पाणी ओतलं.